बाकावर सांडलेलं पाणी

क्लबमधली सगळी मुलं त्यांना कोच म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकू. वास्तविक फुटबॉल प्रशिक्षणाचा कोर्स दोघांनी शेजारी शेजारी बसून केला होता आणि परीक्षेत काकूंना मार्क जास्त पडले होते. पण मुलांच्या तोंडात एकदा बसलं ते बसलं. "तुझं बरंय," कोच म्हणायचे, "मॅच हरलो की लोक मला शोधतात. काकूला कोण जाब विचारणार?"

कोच शहर बसचे ड्रायव्हर होते. काकू बाजारपेठेतल्या बुटांच्या दुकानात कामाला होत्या. दिवसभर गिऱ्हाइकांच्या पायांशी बसायचं, नंबर बघायचा, माळ्यावरून खोके काढायचे आणि परत चढवायचे. संध्याकाळ झाली की दोघं दोन दिशांनी मैदानावर येऊन थडकायचे. मैदानाच्या एका अंगाला पाण्याची टाकी, दुसऱ्या अंगाला एका बंद गोदामाची लांबलचक भिंत. गोलाच्या जाळ्यांना इतक्या गाठी मारलेल्या की मूळ जाळी कुठली आणि गाठ कुठली, ते कोचच सांगू जाणे. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. मैदानावर बारा ते चौदा वयाची मुलं-मुली मिळून दीड डझन तरी असायची, आणि त्यांच्या गोंगाटात हा विषय कधी निघायचा नाही.

कामाची वाटणी आपोआप झाली होती. कोच संघ बघायचे. कोण कुठे उभा राहणार, कोणी कोणाला पास द्यायचा, चेंडू गेला की कोणी मागे पळायचं. काकू एकेका पोराला बाजूला, गोदामाच्या भिंतीशी न्यायच्या. गोलकीपर पोरगा ताडमाड उंच, म्हणून त्याचं नाव खांब. पण चेंडू तोंडापाशी आला की तो डोळे गच्च मिटायचा. काकूंनी कित्येक दिवस त्याच्यावर मोज्यांचे गोळे फेकले, मग स्पंजचा चेंडू, मग रबरी, आणि डोळे उघडे राहायला लागल्यावरच खरा. संघाचा कॅप्टन भोंगा. त्याचा आवाज टाकीपलीकडे जायचा, पण डावा पाय नुसता उभं राहण्यापुरता. "उजवा पाय पदवीधर झाला रे," काकू त्याला म्हणाल्या, "डाव्याला निदान बालवाडीत तरी घाल." प्रत्येकाचं काय अडतं ते वेगळं, म्हणून प्रत्येकाचा धडा वेगळा, असा काकूंचा हिशेब होता.

यावरून नवरा-बायकोची रोज जुंपायची. "तू पोरं घडवतेस आणि ती माझा संघ बिघडवतात," कोच म्हणायचे. "काल भोंग्याने मोकळ्या गोलासमोर चेंडू डाव्या पायावर घेतला. का, तर काकूंनी सांगितलंय."

"घेऊ दे की. आज चुकेल, पुढच्या वर्षी त्याच पायाने गोल मारेल."

"पुढच्या वर्षीपर्यंत क्लबचे सेक्रेटरी मला ठेवतील का?"

ही भांडणं दोघांना आवडायची. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, दिवा मालवल्यावरसुद्धा चालायची. शेजारच्या बाईंनी एकदा काळजीने विचारलं होतं की घरात सगळं ठीक आहे ना. तेव्हा कोच गंभीर चेहरा करून म्हणाले, "सेंटर बॅकवरून वाद आहे. मिटेल."

मुंगीच्या बाबतीत मात्र दोघांसाठीही तो खेळ राहिला नाही.

मुंगी बारा वर्षांची, पण अंगाने नऊची वाटायची. मोठ्या मुलांनी नुसता खांदा लावला तरी भुईवर. तिला जोरात पळता यायचं नाही, लांब मारता यायचं नाही. पण चेंडू यायच्या आधीच तो पुढे कुठे द्यायचा ते तिला कळायचं. काकूंनी हे हेरलं आणि भिंतीशी तिला एकच गोष्ट शिकवली. काकू मागे उभ्या राहून हाताची बोटं दाखवायच्या. मुंगीने चेंडू भिंतीवर मारायचा, तो परत येण्याआधी मान वळवून बोटं बघायची, आकडा सांगायचा आणि मगच चेंडू घ्यायचा. हळूहळू ती न चुकता आकडे सांगायला लागली. काकूंना त्या पोरीत काय दिसलं होतं, त्यांनाच ठाऊक. घरी जेवताना मुंगी, झोपताना मुंगी.

"अंग भरायला वेळ लागतो काहींना," त्या कोचना सांगायच्या. "तोपर्यंत तिला बाकावर सडवलंस तर हे सगळं वाया जाईल. स्पर्धेच्या सेमीफायनलला तिला दुसऱ्या हाफमध्ये घे."

कोचनी आढेवेढे घेतले, पण शेवटी शब्द दिला.

सेमीफायनलला समोरचा संघ थोराड होता. पहिला हाफ गोलाविना गेला. काकू पलीकडच्या गोलामागे होत्या, कारण खांबाला मागे कोणीतरी आपलं माणूस लागायचं. हाफ टाइमला खांबाचे हातमोजे बांधून देताना त्यांनी लांबून पाहिलं, की कोच मुंगीजवळ गेले, वाकले. मुंगी बाकावरून उठलीच नव्हती. ती काहीतरी बोलली. कोच उभे राहिले, गर्रकन वळले आणि त्यांच्या कोपराचा धक्का लागून पाण्याचा मोठा कॅन बाकावर आडवा झाला. मुंगी कमरेपासून खाली चिंब भिजली. सगळी मुलं खदाखदा हसली. भोंगा ओरडला, "कोच, बस अशीच चालवता का?" कोचही हसले, कान पकडले, अंगातलं जॅकेट काढून मुंगीच्या कमरेला गुंडाळलं. शिट्टी वाजली तेव्हा तिच्याऐवजी दुसराच पोरगा आत पळाला.

मॅच त्यांनी एका गोलाने जिंकली. मुलांनी कोचना उचलून घेतलं. मुंगी जॅकेट गुंडाळून बाकाच्या टोकाला बसली होती, आणि काकूंना दुसरं काहीच दिसत नव्हतं.

घरात पाऊल टाकल्याबरोबर त्यांनी तोंड उघडलं. "शब्द दिला होतास."

"आज तिचा दिवस नव्हता गं."

"तिचा दिवस कधी, ते तू ठरवणार? दोन महिने ती पोर त्या भिंतीशी मान मोडतेय. आणि वर सगळ्यांसमोर तिच्यावर पाणी सांडलंस. हसले सगळे तिला."

"तिला नाही, मला हसले."

"तुला फरक पडत नाही. तिला पडतो."

कोचनी बोलायला तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. त्यावर काकूंचा पारा आणखी चढला. "तुला पोर दिसतच नाही कधी. तुला फक्त जागा दिसतात. ही जागा भर, ती जागा भर. बसमध्ये माणसं कोंबल्यासारखं."

हे लागलं. काकूंना तेव्हाच कळलं की लागलं, पण मागे घ्यावंसं वाटलं नाही. कोच ते जॅकेट घेऊन मोरीत गेले आणि स्वतः धुवायला बसले. एरवी ते रुमालसुद्धा धुवायचे नाहीत. आता मला लाडीगोडी लावतोय, असं काकूंना वाटलं, आणि त्या पाठ फिरवून झोपल्या.

सकाळी कोचची पहिली पाळी होती. चहा त्यांनीच केला, काकूंच्या कपावर बशी झाकून ठेवली. काकू ओटा पुसत राहिल्या. तो कधीच पुसून झाला होता. दारात बूट घालायला कोचना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मग ते म्हणाले, "येतो गं."

यावर घरात एकच उत्तर होतं. "ये." लग्न झाल्यापासून एवढी भांडणं झाली, पण ते उत्तर कधी चुकलं नव्हतं. त्या दिवशी काकूंनी फडकं पिळलं, झटकलं, नळावर टाकलं. मागे दार लागल्याचा आवाज आला.

डेपोत कोचनी गाडीची चाकं तपासली, सगळ्यांना हात केला, सीटवर जाऊन बसले. कंडक्टर आला तेव्हा त्यांचं डोकं स्टिअरिंगवर टेकलेलं होतं. त्याला वाटलं, डुलकी लागली असेल. त्याने गमतीने घंटी वाजवली. दोनदा वाजवली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्यांना घरी आणलं तेव्हा ते जॅकेट अजून गॅलरीतल्या दोरीवर होतं, बाह्यांच्या टोकांना ओलं.

घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं. नणंद, म्हणजे कोचची थोरली बहीण, सोबतीला राहिली. ती रडायची, जेवायला वाढायची, पुन्हा रडायची. काकूंच्या डोळ्यांतून टिपूस निघेना. लोकांना वाटलं धक्का बसलाय. खरं तर त्या रागात होत्या. मेलेल्या माणसावर रागावता येत नाही असं नाही, फक्त तो उत्तर देत नाही. काकूंना तो राग सोडवेना, कारण तो सोडला तर खाली काय आहे ते बघायची त्यांची तयारी नव्हती.

क्लबचे सेक्रेटरी भेटायला आले. खुर्चीच्या कडेवर टेकून म्हणाले, "फायनल आयोजकांनी पुढे ढकललीय. आपण माघार घेतली तरी कोणी नावं ठेवणार नाही, काकू."

"खेळायचं," काकू म्हणाल्या. "मी उभी राहते."

नणंद आतून बाहेर आली. "अगं, तुझी अवस्था काय आणि..."

"मुलांना खेळायचंय, ताई."

ते खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. काकूंच्या मनात संघ तयार होता आणि त्यात पहिलं नाव मुंगीचं होतं, पहिल्या मिनिटापासून. तू नाही ना खेळवलंस? मग बघ आता, असं त्या मनातल्या मनात दारातल्या रिकाम्या जागेला म्हणाल्या.

सरावाला सगळी मुलं आली. दंडाला काळ्या फिती लावून, न सांगता रांगेत उभी राहिली. भोंगा तर कुजबुजत बोलत होता. फक्त मुंगी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा दुकानातून सुटल्यावर काकू तिच्या घरी गेल्या.

खाली लॉन्ड्री, वर दोन खोल्या. जिन्यात वाफेचा आणि खळीचा वास. मुंगीची आई दवाखान्यात आया होती, तिची ड्युटी संपलेली नव्हती. मुंगीने दार उघडलं आणि काकूंना बघून ती दोन पावलं मागे सरली.

"आत येऊ का?"

मुंगीने मानेनेच हो म्हटलं. दोघी जमिनीवर बसल्या. काकूंनी तिला सांगितलं की फायनलला तू सुरुवातीपासून खेळणार आहेस. म्हणजे कोचना असं झालं म्हणून नाही. तू तयार आहेस म्हणून.

मुंगीचा चेहरा पांढराफटक पडला. "नको ना, काकू."

"का गं? घाबरायचं काय त्यात?"

मुंगी फरशीवर बोटाने रेघा मारत राहिली. काकू थांबल्या. पोरांकडून काही काढून घ्यायचं तर गप्प बसावं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"मी सांगितलं तर तुम्ही कोणाला सांगणार नाही ना?"

"नाही सांगणार."

"त्या दिवशी कोच मला म्हणाले, चल, तयार हो. आणि मला उठताच येईना. मला..." तिने बोटाने आणखी एक रेघ मारली. "माझी चड्डी ओली झाली होती, काकू. भीतीने. मला कळलंच नाही कधी झाली. बाकपण ओला झाला होता."

काकू तिच्याजवळ सरकल्या.

"मी कोचना म्हटलं, आता सगळे बघतील. ते म्हणाले, कोणी नाही बघत, तू बसून राहा. आणि त्यांनी पाणी सांडलं. मुद्दाम. मग सगळे त्यांनाच हसले."

खाली लॉन्ड्रीत इस्त्रीची वाफ फुसफुसत होती. काकू म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला नकोच होतं कळायला. मीच कोचना म्हटलं, काकूंना नका सांगू. ते म्हणाले, नाही सांगत, शप्पथ." मुंगीने पहिल्यांदा वर पाहिलं. "तुम्ही माझ्यासाठी एवढं करता. रोज सगळ्यांपेक्षा जास्त वेळ देता. मला वाटायचं, मी चुकले तर तुम्ही हराल. कोच म्हणतील, बघ, मी म्हटलं नव्हतं."

काकूंनी तिला दोन महिने मान वळवून मागे बघायला शिकवलं, आणि मागे उभी असलेली काकूच त्या पोरीच्या छातीवर धोंडा होऊन बसली होती. कोचना एका वाक्यात ते कळलं होतं. आणि घरी येऊन त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बसमध्ये माणसं कोंबल्यासारखं, हेही ऐकून घेतलं.

"काकू, कोच घरी काही बोलले का?" मुंगीने विचारलं. "माझ्यामुळे तुम्ही त्यांच्यावर रागावला नाहीत ना?"

काकूंनी त्या क्षणी काय केलं असेल, तर त्या हसल्या. कसं जमलं, त्यांनाही नंतर सांगता आलं नसतं. "छे गं. मी कशाला रागावू? आणि त्यांनी चकार शब्द काढला नाही. शप्पथ म्हणजे शप्पथ."

"बरं," मुंगी म्हणाली, आणि तिचे खांदे खाली आले.

"फायनलला नाही खेळायचं ना? नको खेळूस. येऊन बसायचं असेल तर बस."

"बसेन मी."

जिना उतरताना काकूंनी कठडा घट्ट धरला होता. लॉन्ड्रीवाला "सांभाळून" म्हणाला. रस्त्यावर आल्यावर कुठल्या बाजूला जायचं ते त्यांना आठवेना.

घरी नणंद तांदूळ निवडत बसली होती. काकू चप्पल न काढताच तिच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, तो जाताना येतो म्हणाला आणि मी ये म्हटलं नाही." मग जे रडू आलं ते आवरेना. नणंदेने ताट बाजूला सारलं. तिला वाटलं, भांडण झालं असेल काहीतरी साधं. तिने का म्हणून विचारलं, तर काकूंनी मानेनेच नाही म्हटलं. शब्द दिला होता. ज्या गोष्टीसाठी नवऱ्याने शिव्या खाल्ल्या ती त्याच्या बहिणीलाही सांगायची सोय नव्हती.

"अगं, त्याच्या मनातही नसेल," नणंद म्हणाली. "लहानपणापासून विसरभोळा."

"बूट घालायला वेळ लावत होता, ताई. वाट बघत होता."

नणंद पुढे सरकली. तिने काकूंच्या पायांतल्या चपला काढल्या आणि दाराशी नेऊन ठेवल्या.

फायनल ते हरले. खांबाने डोळे उघडे ठेवून तीन-चार चेंडू अडवले, पण शेवटी गर्दीतून एक सुटला. भोंग्याला एकदा मोकळा गोल मिळाला, त्याने डाव्या पायाने मारला, तो बाहेर गेला. तो तिथेच गुडघ्यांवर बसून रडला. काकू मैदानात जाऊन त्याच्याशेजारी बसल्या. काय बोलल्या ते कोणाला ऐकू आलं नाही. मागे कुणाचे तरी वडील म्हणाले, "कोच असते तर त्याला उजव्यानेच मारायला सांगितलं असतं." काकूंनी ऐकलं. उलट उत्तर दिलं नाही. कोच असते तर, खरंच, तेच झालं असतं. मुंगी बाकावर बसून होती आणि सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या देत होती.

पुढच्या हंगामाला क्लबने नवा कोच आणला. तरुण, हसतमुख, शिट्टी गळ्यात आणि टॅब हातात. भिंतीकडचं काम काकूंकडेच राहिलं, पण त्यांची रीत बदलली होती. पूर्वी त्या पोराकडे बघून काय कमी आहे ते ठरवायच्या. आता आधी विचारायच्या, "तुला काय जमावंसं वाटतं?" बरीचशी पोरं म्हणायची, "तुम्हीच सांगा." मग काकू वाट बघायच्या. कधीकधी वाट बघण्यातच संध्याकाळ जायची, आणि नव्या कोचला वाटायचं, काकू आता थकल्या.

मुंगीने सांगितलं की तिला मॅच खेळायच्या नाहीत, नुसतं भिंतीशी खेळायचंय. काकू बरं म्हणाल्या. दोन वर्षं ती तशी येत राहिली. या दोन वर्षांत ती उंच झाली, अंगाने भरली, आणि तिचे पास असे जायचे की नवा कोच शिट्टी तोंडात धरून बघत राहायचा. "हिला संघात घेऊ या ना, काकू," तो एकदा म्हणाला.

"तिला विचारा."

त्याने विचारलं. मुंगी हसून नाही म्हणाली. मग तिच्या आईला दुसऱ्या गावच्या दवाखान्यात बरी नोकरी मिळाली आणि त्या दोघी गेल्या. जायच्या आधी मुंगी दुकानात येऊन काकूंना भेटली. दोघी बराच वेळ खोक्यांच्या ढिगाशी उभ्या होत्या. कोचचा विषय दोघींनीही काढला नाही. गिऱ्हाईक आलं, तेव्हा मुंगी म्हणाली, "जाते, काकू," आणि गेली. तिकडे ती खेळते की नाही, काकूंना कधी कळलं नाही.

परवा नव्या कोचने संघ लिहून काकूंना दाखवला. सेंटर बॅकला त्याने एका धिप्पाड पोराला घातलं होतं. काकूंच्या मते त्या पोराला वळायला अर्धा दिवस लागायचा. "याला तिथे कशाला?" त्या म्हणाल्या. "बारक्याला घाल. चुकेल, पण शिकेल."

"बरं, काकू. तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला आणि लगेच नाव खोडलं.

काकूंनी खोडलेल्या नावावर बोट ठेवलं. "तुला नाही वाटत, बारका हवेतल्या चेंडूला कमी पडेल?" त्यांनी विचारलं.

"पडेलही. पण तुमचा अनुभव मोठा आहे."

"अरे, पण भांड की जरा," काकू म्हणाल्या. त्याला वाटलं, त्या थट्टा करताहेत. तो अदबीने हसला आणि मुलांना हाका मारत मैदानाकडे गेला.